चुकीची वजाबाकी

आमच्या लहानपणी घरातले भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असे. ते कोणी पुढे केले होते, कशासाठी केले होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. घरातली लहानथोर माणसे त्याच्याकडे पाहत आणि मनातल्या मनात दहा वजा करीत. ही वजाबाकी इतकी अंगवळणी पडली होती की, ज्या माझ्या धाकट्या बहिणीला सातचा पाढा कधी आला नाही, तीसुद्धा ती बिनचूक करी. पाहुणे तेवढे फसत आणि दहा मिनिटे लवकर उठून जात. पण त्याबद्दल आमची काही तक्रार नसे.

१९७१ च्या दिवाळीत भाऊबीजेला मामा आले. मामा मोठे टापटिपीचे. दुपारी सगळे फराळ करून लवंडले असताना त्यांनी रेडिओवरच्या बातम्यांची वेळ धरून घड्याळ बरोबर लावले, चावी दिली, काच पुसली आणि संध्याकाळच्या गाडीने ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांची सातची एस. टी. चुकली. ते घामाघूम होऊन परत आले आणि सारा उलगडा झाल्यावर मामांच्या नावाने कडाडले. आई म्हणाली, "त्याचे काय चुकले? घड्याळ बरोबरच लावले ना त्याने?" आजी तांदूळ निवडीत बसली होती. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "लावले ते बरे केले. पण लावले म्हणून सांगायचे कोणी?"

आजीचे हे वाक्य मला पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी आठवले. त्या वेळी मी एका विमानाच्या पंखाखाली उताणा पडलो होतो.

विमान म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे मुंबईहून दिल्लीला जाणारे धूड येईल. माझे विमान तसले नव्हे. ज्यावर मुले उडायला शिकतात ते चार माणसांचे, नाकावर एक पंखा असलेले, उन्हात उभे राहिले की आतून तव्यासारखे तापणारे विमान. अशा विमानांची यंत्रे दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. त्यातही माझे विशेष लक्ष एका यंत्रावर. विमानाचे नाक कोणत्या दिशेला आहे हे सांगणारे यंत्र. वैमानिक त्या दिशेला 'हेडिंग' म्हणतात आणि ती अंशांत मोजतात : उत्तर ३६०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. एका अंशाची चूक ऐकायला क्षुल्लक वाटते. पण साठ मैल गेल्यावर ती एका मैलाची होते. बारा अंशांची चूक असेल तर साठ मैलांनी जे गाव लागायचे, ते बारा मैल बाजूला राहते.

हे काम पूर्वी होकायंत्र करी, आणि अजूनही ते समोरच्या काचेच्या वर टांगलेले असते. चिकूएवढी काचेची डबी, तिच्यात द्रव, त्यात डुलणारी चकती. विमान वळले की ती भलतेच सांगते, धक्का बसला की हेलकावते, आणि जवळ लोखंड आले की सरळ त्याच्या नादी लागते. पण तिच्या खाली एक लहानसे कार्ड लावलेले असते. त्यावर लिहिलेले असते : पूर्वेस जायचे तर ९२ धरा, दक्षिणेस जायचे तर १७८ धरा. दर तीस अंशांना एक, असे बारा आकडे. लोखंडापासून दूर, मोकळ्या जागी जमिनीवर दिशांचे चक्र रंगवलेले असते. विमान तिथे ढकलत नेऊन, इंजिन चालू ठेवून, एकेका रेषेवर उभे करून हे आकडे काढायचे, खाली तारीख घालायची आणि सही करायची. मी त्या कार्डाला होकायंत्राचा कबुलीजबाब म्हणत असे. माणसांच्या गळ्यात असे कार्ड असते तर किती बरे झाले असते, असा विनोद मी नव्या मुलांपुढे हमखास करीत असे. तेव्हा मला तो विनोद वाटे.

मग पडदे आले. जुन्या तबकड्यांच्या जागी एक चौकोनी पडदा, त्यावर ठळक आकड्यांत हेडिंग. ना डुलणे, ना हेलकावे. या पडद्याला उत्तर दिशा कळते ती पंखाच्या टोकाशी बसवलेल्या एका लहान पेटीतून. तिला मॅग्नेटोमीटर म्हणतात. इंजिन आणि तारा यांच्या लोखंडापासून व विजेपासून जितके दूर जाता येईल तितके जावे म्हणून तिला तिकडे टोकाला नेऊन ठेवतात. तरीही आसपासच्या धातूचा थोडाफार परिणाम राहतोच. तो काढण्यासाठी कॅलिब्रेशन करतात : विमान जमिनीवर थांबत थांबत पुरते एक गोल फिरवायचे, यंत्र आपले आपण हिशेब करते, सभोवारच्या चुंबकत्वाचा वाटा किती हे ओळखते आणि तेवढा कायमचा वजा करून टाकते. वजा केलेला आकडा वैमानिकापुढे कुठे टांगलेला नसतो. त्याला दिसते ते फक्त उत्तर.

या यंत्राची चूक शोधणे हे वैद्याने नाडी पाहण्यासारखे आहे. चूक कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखावे लागते. सगळ्या दिशांना सारखीच चूक असेल तर पेटी तिरकी बसली आहे. रात्री दिवे लावताच आकडा सरकत असेल तर पंखातल्या दिव्याच्या तारेतली वीज पेटीच्या जवळून वाहते आहे. आकडा मधूनच नाहीसा होऊन त्याच्यावर तांबडी फुली येत असेल तर कुठेतरी पिन सैल आहे. आणि पूर्वेकडे तोंड केले की चूक एका बाजूची, पश्चिमेकडे केले की तेवढीच उलट बाजूची, अन् उत्तर-दक्षिणेला मुळीच नाही, असे असेल तर जवळपास कुठेतरी चुंबकत्व शिरलेले लोखंड आहे. एखादे अवजार, एखादी पट्टी, एखादा स्क्रू.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०१९ सालच्या प्रारंभी आमच्या एका विमानाच्या पडद्यावर तांबडी फुली येऊ लागली. अशा तक्रारीला आमच्या धंद्यात 'स्नॅग' म्हणतात. मी पंखाच्या टोकाचे झाकण उघडले, सैल पिन सापडली, ती बदलली. झाकण लावताना एक स्क्रू हातातून निसटून गवतात पडला आणि सापडेना. तिथले स्क्रू मुद्दाम चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूचे असतात. तसा स्टोअरमध्ये शिल्लक नव्हता. संध्याकाळ झालेली, सकाळी सहाला ते विमान उडायचे. मी डब्यातून त्याच मापाचा साधा पोलादी स्क्रू काढला, त्याचे डोके कानसीने थोडे घासले आणि तो बसवला. बसवायला वापरलेल्या स्क्रूड्रायव्हरचे टोक चुंबकी होते. पडदा चालू केला तर पूर्वेला बारा अंशांची चूक. मी कॅलिब्रेशन केले. चूक गेली. सगळ्या दिशा तपासल्या. एका अंशात बरोबर. स्नॅग निकालात काढला आणि सही केली. पिन बदलल्याची नोंद केली. स्क्रूची केली नाही. उद्या बरोबर स्क्रू आला की बदलायचाच आहे, असे मनाशी म्हटले.

तो उद्या काही आला नाही. विसरलो, असे सांगणे सोपे आहे, पण ते खरे नाही. दोनतीनदा आठवण झाली होती. पण यंत्र उत्तम चालले होते, आणि चालत्या गाडीला कोण खीळ घालतो? आठ महिने ते विमान उडाले. पडद्याने एकदाही कोणाला फसवले नाही.

त्यानंतर नियमित तपासणी आली. आमच्याकडे एक नवा मुलगा लागला होता. मला काका म्हणत असे. त्याने झाकण उघडताना पाहिले की एक स्क्रू गंजलेला आहे आणि अवजाराला चिकटतो आहे. पुस्तकात पाहून त्याने योग्य धातूचा स्क्रू बसवला आणि कामाच्या कागदावर तशी नोंदही केली. अगदी मामांसारखे. आणि यंत्र? ते इमानेइतबारे आपली जुनी वजाबाकी करीत राहिले. ज्या लोखंडाचा प्रभाव ते वजा करीत होते ते लोखंड आता तिथे नव्हतेच. झाले, बारा अंशांची चूक पुन्हा उपटली, या खेपेला उलट्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी एकटीच लांबच्या उड्डाणाला गेली. पहिला टप्पा पूर्वेचा. पडद्यावर ९० धरून ती निघाली, आणि थोड्याच वेळात उजव्या हाताला असायला हवा तो रेल्वेचा रूळ दूरदूर जाऊ लागला. या पडद्यांची आणखी एक करामत आहे. विमानाचे नाक कुठे आहे, उपग्रहांच्या हिशेबाने ते प्रत्यक्षात कुठे सरकते आहे आणि त्याचा वेग किती, या तिन्हींवरून पडदा वाऱ्याची दिशा व जोर काढून बाणाने दाखवतो. नाकाची दिशाच चुकली असेल तर ती तफावत कोणाच्या तरी माथी मारायला हवी. पडदा ती वाऱ्याच्या माथी मारतो. तिला उजवीकडून वीस नॉटचा वारा दिसत होता. पण खाली साखर कारखान्याच्या धुराड्यातून धूर काठीसारखा सरळ वर चालला होता. तिने वर होकायंत्राकडे पाहिले. ते ७८ च्या आसपास डुलत होते. कार्ड पाहिले, त्यात दोन अंशांपेक्षा जास्त फरक कुठेच नव्हता. पडद्यावरचे हेडिंग तिने मनातून पुसून टाकले आणि रूळ धरून ती परत आली. उतरल्यावर मला म्हणाली, "काका, धुराला जो वारा लागत नव्हता तो मला लागत होता."

वीस वर्षांची मुलगी. धूर नसता, धुके असते, रूळ दिसत नसता, तर काय झाले असते, हा विचार मी आजही मध्येच सोडून देतो.

हँगरमध्ये चौकशी सुरू झाली. पंखाला शेवटचा हात कोणाचा लागला? कागदावर त्या मुलाचे नाव होते. तो म्हणाला, "साहेब, स्क्रू चुकीचा होता, मी बरोबर घातला." आमचे साहेब म्हणाले, "बरोबर घातलास, मग चांगले चालले होते ते बिघडले कसे?" याला त्या मुलाजवळ उत्तर नव्हते. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही बघा जरा." मी पंखाखाली शिरलो. मुलगा माझ्यामागून आला आणि त्याने खिशातून काढून ठेवलेला जुना स्क्रू माझ्या हातावर ठेवला. घासलेले डोके मी ओळखले. आजीचे वाक्य आठवले ते तेव्हा.

मी काय केले? बाहेर आलो, "बघतो," म्हटले आणि गप्प राहिलो.

त्या रात्री मला मोह झाला तो खोटे बोलण्याचा नव्हता. खोटे बोलायची गरजच नव्हती. सकाळी लवकर जाऊन पुन्हा एक कॅलिब्रेशन करायचे, की बरोबर स्क्रू, बरोबर वजाबाकी, बरोबर आकडा, सारेच बरोबर. विमान पूर्वी कधी नव्हते इतके निर्दोष झाले असते. मुलाच्या नावावर एक ठपका राहिला असता, पण तोही कालांतराने पुसला जातोच. आणि मनाशी बाजू मांडायला मुद्देही होते. माझ्या चुकीच्या स्क्रूने आठ महिने खरी दिशा दाखवली. त्याच्या बरोबर स्क्रूने एका दिवसात खोटी. परिणाम पाहायचा म्हटले तर दोषी कोण?

याच प्रश्नावर पूर्वी दोन फार मोठी माणसे भांडली आहेत. आगबोटी लोखंडाच्या होऊ लागल्या तेव्हा होकायंत्रे वेडी झाली. इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८३८ साली 'रेनबो' नावाच्या लोखंडी बोटीवर प्रयोग करून तोड काढली : होकायंत्राजवळ उलट बाजूने चुंबके बसवायची, म्हणजे बोटीची ओढ आणि चुंबकांची ओढ एकमेकींना खाऊन टाकतील. विल्यम स्कोर्सबी यांना हे पटले नाही. हा गृहस्थ आधी देवमासे मारणाऱ्या जहाजाचा कप्तान, मग पाद्री, आणि सर्वकाळ शास्त्रज्ञ. ते म्हणत, बोटीचे चुंबकत्व काही तिच्या अंगात कायमचे कोरलेले नाही. लाटांचे तडाखे बसले की ते पालटते. मग बोट पालटली आणि चुंबके तशीच राहिली तर काय? १८५४ च्या जानेवारीत 'टेलर' ही नवी लोखंडी बोट लिव्हरपूलहून ऑस्ट्रेलियाला निघाली आणि दोन दिवसांत डब्लिनजवळच्या लँबे बेटावर आपटली. तिच्यावरच्या होकायंत्रांचा आपसात मेळ नव्हता. तीनशेहून अधिक माणसे बुडाली. स्कोर्सबी म्हणत, होकायंत्र डोलकाठीवर उंच बांधा, लोखंडापासून दूर. आणि उतारवयात, १८५६ साली, 'रॉयल चार्टर' बोटीने स्वतः ऑस्ट्रेलियाला जाऊन त्यांनी आपले म्हणणे पडताळून पाहिले. पुढे व्यवहारात दोघांचेही घेतले गेले. आमच्या त्या विमानात पंखाच्या टोकाची पेटी म्हणजे स्कोर्सबींची डोलकाठी, आणि कॅलिब्रेशन म्हणजे एअरींचे चुंबक. एअरींचा उपाय काही लबाडीचा नव्हता. त्याच्याशिवाय कोणाचे चालतही नाही. पण चुकीला चूक जोडून बरोबर करायचे, तर पहिली चूक तिथेच आहे ना, हे पाहत राहावे लागते. आणि पाहत राहणाऱ्याला ती ठाऊक असावी लागते. माझी ठाऊक होती एकट्या मला.

याच्या उलट उदाहरण आपल्याच घराशेजारी आहे. मुंबईच्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले तेव्हा त्या विजेने वेध बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे प्रमुख डॉ. नानाभाई मूस यांनी हे काम खाडीपलीकडे अलिबागला नेले. तिथल्या वास्तू पोरबंदरी दगडाच्या बांधल्या, लोखंड टाळले. मला भारावून टाकते ते याच्या पुढचे. नवी जागा निर्दोष होती, तरी १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्यावर त्यांनी कुलाब्याच्या लगेच बंद केल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या. जुन्या आकड्यांत आणि नव्या आकड्यांत किती अंतर आहे हे पुढच्यांना कळावे म्हणून. ट्राम आली १९०७ साली. घड्याळ बरोबर लावणाऱ्याने घरच्यांना सांगून जाण्याचा इतका सभ्य प्रकार मला दुसरा माहीत नाही.

कोणी म्हणेल, संसारात काय सगळ्या वजाबाक्या लिहून ठेवायच्या? तेही खरे. माझ्या लग्नाला अडतीस वर्षे झाली. मी "पाच मिनिटांत आलो" म्हटले की बायको त्यातले किती धरायचे हे जाणते, आणि तिच्या "काही नाही झालेले" यातून मी किती वजा करायचे हे मलाही कळते. कार्ड कुठेच नाही. एखाद्या दिवशी मी खरेच पाच मिनिटांत पोचतो तेव्हा भात कच्चा असतो आणि बोलणी मी खातो. पण घरात निदान दोघांनाही हिशेब ठाऊक असतो. आणि घर तीन हजार फुटांवर नसते.

सकाळी मी साहेबांच्या टेबलापाशी जाऊन सगळे सांगितले. तो मुलगाही तिथेच उभा होता. साहेबांनी बराच वेळ तो स्क्रू बोटांत फिरवला. मग मुलावरचा शेरा खोडून माझ्याकडून लेखी निवेदन घेतले. काही आठवडे माझी सही बंद होती. ते मला लागले नाही असे नाही. पण त्याहून दुसरी गोष्ट लागली. त्या दिवसापासून तो मुलगा मला 'सर' म्हणू लागला. वागण्यात काही कमी नाही, उद्धटपणा तर मुळीच नाही. फक्त काका म्हणणे थांबले, ते मी निवृत्त होईपर्यंत.

त्या विमानाचे कॅलिब्रेशन त्यानेच केले. त्यानंतर होकायंत्राचेही नवे कार्ड काढायचे ठरले. मी आत बसलो, तो शेपटीशी राहून विमान रंगवलेल्या चक्रावर एकेका रेषेवर फिरवू लागला. मी आकडा ओरडून सांगे, तो टिपून घेई. दक्षिणेला दोन अंशांचा फरक राहिला. मी विचारले, "आणखी कमी करून बघू या का?" तो म्हणाला, "राहू द्या सर. लिहू या."

स्क्रू माझ्याकडेच राहिला. आता तो घरी शिवणाच्या डब्यात असतो. सुया त्याला जाऊन चिकटतात म्हणून बायको कुरकुरते, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत तो फेकायला काढते.